'द डॅडीज' या चित्रातील कांबळे

कॅनडाच्या संघराज्याची वाटाघाट १८६४ साली ज्या वसाहती पुढाऱ्यांनी केली, त्यांचे रॉबर्ट हॅरिस याने १८८४ मध्ये रंगविलेले समूहचित्र संसदभवनाच्या १९१६च्या आगीत जळाले. प्रतिकृतींमुळे ते लोकस्मृतीत मात्र टिकून राहिले. त्या वाटाघाटींस आदिवासींपैकी कोणालाही निमंत्रण नव्हते. क्री चित्रकार श्री. केन्ट मंकमन यांनी २०१६ साली 'द डॅडीज'मध्ये तोच प्रसंग पुन्हा रंगविला आणि पुढाऱ्यांच्या समोर एक विवस्त्र आकृती बसविली. ही 'मिस चीफ'; पुरुषत्व व स्त्रीत्व दोन्ही धारण करणारे चित्रकाराचेच प्रतिरूप.

पाहणाऱ्याची दृष्टी या नग्नतेवर खिळते, आणि तेथेच थांबण्याचा धोका आहे. आमच्या मते चित्राचा खरा युक्तिवाद तिच्याखाली अंथरलेल्या कांबळ्यात आहे. हिरव्या, तांबड्या, पिवळ्या व निळ्या पट्ट्यांचे हे कांबळे हडसन्स बे कंपनीचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनी ते कातड्यांच्या मोबदल्यात देई. बीव्हरच्या लवेपासून युरोपात टोप्या बनत. ज्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई वर्षाला १० पौंडांनी ईस्ट इंडिया कंपनीस दिली, त्यानेच १६७० मध्ये हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचे सारे खोरे या दुसऱ्या कंपनीस बहाल केले. खंड काय, तर राजा तेथे आल्यास दोन एल्क व दोन काळे बीव्हर! पुढे १८७० मध्ये हा प्रदेश कॅनडाकडे गेला. कंपनीला ३ लाख पौंड मिळाले. तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारलेही नाही.

मराठीत 'बैठक' म्हणजे अंथरलेले आसन, आणि सभाही. मंकमन यांनी हे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर आणले आहेत. जी वस्तू देऊन व्यवहार पुरा झाला असे मानले गेले, तिचेच आसन करून मिस चीफ न बोलावलेल्या सभेत बसते.

तथापि एक उणीव नोंदविणे भाग आहे. ते कांबळे केवळ लुटीची खूण नव्हते. क्री शिकाऱ्यांनी कंपनीशी घासाघीस केली. कांबळी कापून अंगरखे शिवले. व्यापाऱ्यांशी देशरीतीने विवाह केलेल्या स्त्रियांनी कातडी कमावली, दुभाषेपण केले. त्यांच्यावाचून हा व्यापार चालता ना. हा सारा इतिहास एका दिमाखदार आकृतीच्या माथी मारल्यामुळे पुढाऱ्यांची फजिती होते खरी, पण त्या श्रमणाऱ्या स्त्रियांना या दालनात दुसऱ्यांदाही जागा मिळालेली नाही.