कोठडीतला नमुना

अमली पदार्थांचे सेवन किती आहे, हे मोजायचे कसे? घरोघरी जाऊन विचारले तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. आणि ज्याला घरच नाही तो यादीत येतच नाही. ही अडचण ओळखून अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या सरकारी संस्थेने १९८७ मध्ये ‘ड्रग यूज फोरकास्टिंग’ हा उपक्रम सुरू केला. मोठ्या शहरांत नुकतीच अटक झालेल्यांची मुलाखत घ्यायची आणि लघवीचा नमुना मागायचा, अशी ही पद्धत. सहभाग ऐच्छिक, नाव गुप्त.

उपक्रमाची जमेची बाजू मोठी आहे. तोंडी उत्तर आणि प्रयोगशाळेचे उत्तर शेजारी ठेवता आले. ‘कोकेन घेतले नाही’ म्हणणाऱ्या अनेकांच्या लघवीत कोकेनचे अवशेष सापडले. केवळ प्रश्नावलीवर किती विसंबावे, हे त्यातून कळले.

पण लघवीची चाचणी फक्त ‘शरीरात काय होते’ एवढेच सांगते. कोकेनचे अवशेष साधारण २-३ दिवस सापडतात; रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष काही आठवडेही राहतात. म्हणून या दोन पदार्थांच्या आकड्यांची थेट तुलना चुकीची ठरते. गुन्हा नशेत घडला की नशेमुळे घडला, हे तर चाचणी मुळीच सांगत नाही.

याहून मोठा दोष नमुन्याचा. समजा, १०,००० वस्तीच्या गावात १,००० जण सेवन करतात. वर्षभरात १०० जणांना अटक झाली आणि त्यांत ६० सेवन करणारे निघाले. कोठडीतले प्रमाण ६० टक्के, गावातले मात्र १० टक्केच. सेवन करणाऱ्यांपैकी ९४० जणांना अटक झालेलीच नाही. पुढच्या वर्षी पोलिसांनी गांजाविरुद्ध मोहीम काढली, तर ६० चे ७५ होतील. बदलले काय? गावाची सवय नव्हे, पोलिसांचे काम!

१९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने या उपक्रमाचे परीक्षण करून त्याच्या मर्यादा दाखवल्या. १९९७ मध्ये त्याचे नाव ‘अ‍ॅडम’ झाले आणि २००० पासून यादृच्छिक निवडीची शिस्त आली. नमुना सुधारला आणि पैसा आटला: २००३ नंतर काम थांबले. २००७ मध्ये ते १० ठिकाणी पुन्हा सुरू झाले, पण २०१३ नंतर तेही बंद पडले. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजणे हेच अशा उपक्रमाचे खरे बळ. तेच वारंवार तुटले.

वर्गात हे उदाहरण जरूर घ्यावे. ‘गुन्हेगारांपैकी इतके टक्के व्यसनी’ असे वाक्य दिसताच विद्यार्थ्याने विचारावे: कोणाला मोजले, आणि मोजणीतून कोण सुटले? हा प्रश्न न विचारता पुढे गेलो, तर ज्यांना उपचार हवेत त्यांच्यावर आपण केवळ शिक्का मारतो.