‘लांब शेपटी’चे अर्थशास्त्र : एक चिकित्सा

ऑनलाइन व्यापाराविषयीच्या लेखनात क्रिस अँडरसन यांच्या ‘द लाँग टेल’ (२००६) या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. दुकानातील जागा मर्यादित असल्याने तेथे अधिक खपणाऱ्या मालालाच प्राधान्य मिळते. ऑनलाइन दुकानात ही मर्यादा उरत नाही. परिणामी अल्प खपाच्या असंख्य वस्तूंची एकत्रित विक्री लोकप्रिय वस्तूंच्या विक्रीशी स्पर्धा करू शकते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. विक्रीच्या आलेखातील या निमुळत्या भागास ते ‘लांब शेपटी’ म्हणतात.

हे प्रतिपादन निराधार नाही. ब्रिन्योल्फसन, हू व स्मिथ यांच्या २००३ मधील अभ्यासानुसार, २००० साली ऑनलाइन ग्रंथविक्रीत वाढलेल्या वैविध्यामुळे ग्राहकांना झालेला लाभ हा किंमत घटल्याने झालेल्या लाभाच्या ७ ते १० पट होता.

तथापि, ग्राहकाचा लाभ आणि उत्पादकाचा लाभ या भिन्न गोष्टी आहेत. समजा, १०,००० पुस्तकांच्या प्रत्येकी १० प्रती विकल्या गेल्या, तर विक्रेत्याच्या खाती १ लाख प्रती जमा होतात. प्रत्येक प्रकाशकाच्या पदरी मात्र १० प्रतींचेच उत्पन्न पडते. शेपटीची बेरीज केवळ विक्रेत्यालाच करता येते. अँडरसन यांच्या विवेचनात हा भेद पुरेसा ठळक होत नाही.

अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये या सिद्धान्ताची परखड तपासणी केली. ‘ऱ्हॅप्सडी’ या ऑनलाइन संगीतसेवेत सर्वाधिक लोकप्रिय १० टक्के गीतांकडे एकूण श्रवणाचा ७८ टक्के वाटा होता. त्यातही अग्रस्थानी असलेल्या १ टक्का गीतांचा वाटा ३२ टक्के होता. शेपटी लांबली, परंतु ती पुष्ट झाली नाही.

शोध व शिफारशी यांमुळे अपरिचित वस्तूही ग्राहकापर्यंत पोहोचते, असे अँडरसन मानतात. परंतु शिफारशीचा क्रम ठरविण्याचा अधिकार मंचाच्या मालकाकडेच राहतो. ॲमेझॉनसारखा मंच स्वतः विक्रेताही असतो आणि शोधयादीतील जागा जाहिरातदारांना विकतो. म्हणजे जागेची टंचाई नाहीशी झालेली नाही. ती फळीवरून पडद्याच्या पहिल्या पानावर आली आहे.

वैविध्याचे आर्थिक मूल्य दाखवून देणे, हे या ग्रंथाचे श्रेय निःसंशय आहे. मात्र उपलब्धता म्हणजे बाजारपेठ नव्हे. हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाच्या दृष्टीने हा भेद केवळ तात्त्विक नसून उपजीविकेचा आहे.