पिठाचे गहू

परीक्षण लिहायला पुस्तकच हवे असे काही नाही. आज आपल्या देशात सर्वांत जास्त वाचला जाणारा आणि एकाही समीक्षकाने हात न लावलेला वाङ्मयप्रकार म्हणजे पासवर्डचे नियम. किमान आठ अक्षरे हवीत, त्यात एक मोठे, एक छोटे, एक आकडा, एक चिन्ह हवे आणि मागचा पासवर्ड चालणार नाही! अहो, वधू-वर सूचक मंडळातसुद्धा इतक्या अटी नसतात. तिथे निदान ‘अपेक्षा : तडजोड शक्य’ असे तरी लिहिलेले असते.

हा प्रकार गाजवणारे लेखक म्हणजे अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेतले बिल बर. अक्षरांत आकडे-चिन्हे मिसळा आणि पासवर्ड अधूनमधून बदला, असा सल्ला त्यांनी 2003 साली लिहिला आणि जगभरच्या कचेऱ्यांनी तो पोथीसारखा डोक्यावर घेतला. बरसाहेबांचे गणित चोख होते; फक्त माणूस त्यात धरलेला नव्हता. दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला म्हटले, की माणूस ‘मंगला@1’चे ‘मंगला@2’ करतो. पंचवार्षिक योजनेसारखे! क्रमांक तेवढा नवा, आत तेच. आणि ही युक्ती चोरालाही येते, कारण त्याच्याही घरी एखादी मंगला असतेच.

2017 साली, निवृत्त झालेल्या बरसाहेबांनी एका वृत्तपत्राला सांगून टाकले, की त्या सल्ल्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. संस्थेनेही त्याच वर्षी आपले नियम बदलले. चिन्हांची सक्ती नको, ठराविक मुदतीने बदलायला लावू नका. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. 2025च्या आवृत्तीत तर ‘करू नये’चे ‘करता कामा नये’ झाले. म्हणजे लेखकाने पुस्तक मागे घेतले, प्रकाशकानेही घेतले. आपल्याकडे मात्र आवृत्त्या निघतच आहेत.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. हे सगळे नियम ग्राहकाला. तो पासवर्ड सांभाळणाऱ्याला नियम कोणते?

संगणकावर पासवर्डची चाल पडली ती एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात, 1961च्या सुमारास. एकच यंत्र अनेकांनी वापरायचे, म्हणून प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द. 1962 साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने कोणाचा शब्द ओळखत बसण्याऐवजी यंत्रालाच पासवर्डची सबंध यादी छापायला सांगितली. यंत्राने आज्ञाधारकपणे छापून दिली! 2009 साली ‘रॉकयू’ या कंपनीकडून 3 कोटी 20 लाखांहून अधिक पासवर्ड चोरीला गेले, तेही असेच जसेच्या तसे लिहून ठेवलेले. ज्यांनी ‘123456’ लिहिले ते बुडाले आणि ज्यांनी घाम गाळून चिन्हे घातली तेही त्यांच्याच शेजारी बुडाले.

आम्ही पडलो कॉमर्सवाले, बँकेतले. आमच्याकडे स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, त्या दोन माणसांकडे. ‘काका, नोटांची जरा अवघड घडी घालून आणा, म्हणजे आम्हांला तिजोरी उघडी टाकता येईल,’ असे आम्ही कोणत्याही खातेदाराला सांगत नाही.

यावर इलाज जुनाच आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 सालीच तो निबंधात मांडला. पासवर्ड तसाच ठेवायचा नाही, दळून ठेवायचा. गव्हाचे पीठ होते, पिठाचे गहू होत नाहीत. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात, की तोही दळायचा आणि पिठाशी पीठ ताडून बघायचे. शिवाय दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या दळणात वेगळे मीठ टाकायचे. संगणकवालेही त्याला मीठच म्हणतात! त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे. आणि चक्की मुद्दाम संथ ठेवायची. खऱ्या गिऱ्हाइकाला क्षणभर थांबावे लागते, पण कोट्यवधी शब्द दळून बघणाऱ्या चोराचा जन्म जातो.

घरमालक गहू ठेवतो की पीठ, हे बाहेरून ओळखायची एक खूण आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण दाबा. तुमचाच जुना पासवर्ड टपालात परत आला तर समजा, गहू उघडेच पडले आहेत. प्रामाणिक माणसाला तो सांगताच येत नाही. तो नवा करायला लावतो.

आमच्या शेजारच्या पेन्शनर काकांना एका सहल कंपनीने जुना पासवर्ड असा परत पाठवला. काका खूश! “काय सर्व्हिस आहे!” तोच शब्द त्यांच्या पेन्शनच्या खात्यालाही आहे, हे कळल्यावर मी त्यांना तिथेच बसवून तो बदलायला लावला. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, दर ठिकाणी वेगळे, म्हणून सांगितले.

“लक्षात कसे राहायचे हे सगळे?”

“डायरीत लिहा आणि कपाटात ठेवा. परदेशात बसलेल्या चोराला काही तुमच्या कपाटात हात घालता येत नाही.”

काका आत बघून हळूच म्हणाले, “त्याला नाही हो. पण आमची ही घालते ना!”