चोरीसची माळ आणि लेव्ही-स्त्रॉसचा त्रिकोण

गेल्या महिन्यात प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातून अकरा पानं काढून टाकली. दोन वर्षांपूर्वी ती लिहिताना मी फार खूश होते, कारण एवढी सुबक पानं माझ्या हातून क्वचितच उतरतात. ती का गेली ते सांगायचं तर आधी एक त्रिकोण काढावा लागेल.

क्लोद लेव्ही-स्त्रॉस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने 1965 साली एक छोटा लेख लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचं 'कच्चं आणि शिजलेलं' या अर्थाच्या नावाचं जाडजूड पुस्तक आलं होतं. लेखातली कल्पना अशी, की माणसाचं अन्न तीन टोकांमध्ये फिरतं: कच्चं, शिजलेलं, कुजलेलं. याच्या आत आणखी एक त्रिकोण बसतो, तो म्हणजे भाजलेलं, उकडलेलं आणि धुरावलेलं. भाजताना आग आणि अन्न यांच्यामध्ये काहीच नसतं. उकडताना मध्ये भांडं आणि पाणी येतं. धुरी देताना मध्ये असते नुसती हवा, पण भरपूर, आणि वेळही भरपूर. म्हणून भाजलेलं कच्च्याच्या जवळ, उकडलेलं कुजलेल्याच्या जवळ आणि धुरावलेलं 'शिजलेल्या'च्या सगळ्यात जवळ, असं तो म्हणतो.

यातला मला सर्वात आवडलेला भाग भांड्यांचा. उकडायचं भांडं पिढ्यानपिढ्या टिकतं, पण त्यातलं अन्न लवकर नासतं. धुरावलेलं मांस खूप टिकतं, पण ज्या लाकडी मांडवावर ते धुरावलं तो लगेच मोडून टाकायचा असतो. गयानामधल्या जमातींची समजूत तो सांगतो: मांडव मोडला नाही तर तो प्राणी सूड घेईल आणि शिकाऱ्यालाच धुरी देईल. हा मांडव म्हणजे 'बुकान'. त्यावरूनच पुढे समुद्री चाच्यांना 'बकेनिअर' नाव पडलं. आज अमेरिकेत परसदारी लोखंडी पिंपात सॉसेज धुरावतात, ते पिंप याच मांडवाचं दूरचं नातवंड म्हणता येईल.

आता मी आहे सोनगीरची. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की किल्ला दिसतो, त्याच्या पायथ्याचं गाव. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं. ठोक्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलीला 'भांडं टिकतं, अन्न जातं' हे वाक्य वाचून काय झालं असेल बघा. आजीच्या पातेल्यावर तिच्या सासूचं नाव कोरलेलं आहे. म्हटलं, हा माणूस आमच्याच गावाबद्दल बोलतोय. अकरा पानं तिथूनच आली.

त्या पानांना पहिला तडा गेला भरताने. भरिताची वांगी आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात, म्हणजे त्रिकोणात ती 'भाजलेलं'च्या टोकाला. पण नीट बघा. वरून साल जळून कोळसा होते, आत गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो आणि चव लागते ती धुराची. तिन्ही टोकं एकाच वांग्यात! लेव्ही-स्त्रॉसवर अन्याय नको: भाजलेलं मांस बाहेरून करपतं, आतून कच्चं राहतं, हे त्याने नोंदवलंय. तेलात तळणं आलं की त्रिकोणाला चौथं टोक जोडावं लागेल हेही त्यालाच सुचलं होतं. पण सालीबद्दल त्याच्या मांडणीत काही नाही. आणि इथे साल हेच भांडं आहे.

हा मुद्दा खऱ्या अर्थाने कळला तो गोव्यात, चोरीस बघताना. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी: डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे करायचे, खिमा नाही. मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवायचे, म्हणजे पाणी निघून जातं. मग माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेली लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी, हळद. काही घरांत थोडी फेणीही. हे सगळं मुरलं की स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचं आणि दोऱ्याने गाठी मारत माळ करायची. माळ काही दिवस उन्हात वाळवायची, मग चुलीवर धुरात टांगायची. पोर्तुगीजांनी नाव आणि पद्धत आणली, पण त्यांच्या वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. मिरचीही त्यांनीच अमेरिकेहून आणलेली, हा वेगळाच विषय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा लटकलेल्या दिसतात.

आता ही माळ त्रिकोणात ठेवून दाखवा. व्हिनेगर म्हणजे आंबवलेलं, म्हणजे 'कुजलेलं'चं टोक. ऊन म्हणजे वाळवण, त्याला तीन टोकांत जागाच नाही. मग धूर. आणि गंमत अशी, की धुरावल्यानंतरही चोरीस कच्चंच असतं! चुलीवर उंच टांगलेल्या माळेला मिळणारा धूर कोमट असतो. तो टिकवतो, शिजवत नाही. अमेरिकन पिंपातला धूर गरम असतो, त्यात सॉसेज पूर्ण शिजून निघतं. तिथे लेव्ही-स्त्रॉस चालून जाईल. गोव्यात मात्र धुरानंतर पुन्हा भांडं, थोडं पाणी, कांदा, आणि मांसाच्याच चरबीत शिजवणं. 'शिजलेल्याच्या सगळ्यात जवळ' असलेला पदार्थ शिजवल्याशिवाय खाता येत नाही. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्या दिवशी पुढे काही लिहिलं नाही.

त्यापुढे मोठा प्रश्न खोळीचा. आतडं म्हणजे भांडंच, पण ते पितळेसारखं जपलं जात नाही आणि बुकानसारखं मोडलंही जात नाही. ते खाल्लं जातं. ज्या टिकाऊ-तात्पुरत्या जोडीवर माझी अकरा पानं उभी होती, तीच आतड्याने खाऊन टाकली.

माझ्याआधी हे ओरडून सांगणारे होते, हे कबूल केलं पाहिजे. एड्रिएन लेहररने निरनिराळ्या भाषांतली स्वयंपाकाची क्रियापदं तपासून 1972 मध्येच दाखवलं होतं की त्रिकोण सगळीकडे बसत नाही. जॅक गुडीने 1982 च्या पुस्तकात वेगळा धागा धरला: चिन्हांच्या नादात या लोकांना धान्य कोण पिकवतं, कोण साठवतं, कोण रांधतं हे दिसत नाही. मी दोघांनाही तळटिपेत टाकून पुढे गेले होते. (पीएचडीत तळटीप ही अडचणीची माणसं बसवायची जागा असते.) गुडी आता मुख्य मजकुरात आलाय, कारण चोरीसचं खरं वेळापत्रक पावसाचं आहे. जूनमध्ये समुद्र बंद, मासळी कमी, म्हणून मे अखेरपर्यंत घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवायची. त्याच उन्हात खानदेशात धाब्यावर बिबड्या आणि पापड वाळत असतात आणि दोन्हीकडे उन्हात वाकलेल्या बहुतेक बायका असतात. हे काम त्रिकोणाच्या कुठल्या बाजूवर मांडायचं?

शेवटचा फटका घरातूनच बसला. एक माळ मी सोनगीरला आणली. माय म्हणाली, "हाई काय शे?" सांगितल्यावर म्हणाली, "घरमा नको आनू." मग गोठ्याच्या वाशाला माळ टांगली, परसात तीन दगडांची चूल मांडली आणि बाजारातून नवीन ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं, कारण घरातलं एकही द्यायला ती तयार नव्हती. चोरीस मी आणि धाकट्या भावाने खाल्लं. भाऊ म्हणाला, लोणच्यात मटण पडल्यासारखं लागतं. वाईट वर्णन नाही.

लेव्ही-स्त्रॉससाठी भांडं म्हणजे संस्कृती. आमच्या अंगणात भांडं म्हणजे कोण काय खातं याची सीमा. मराठीत हे कळायला फ्रेंच लेखाची गरज नव्हती. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 पासून समोर आहे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांचं अन्न त्यात आहे, मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्यांसकट. माझ्या संदर्भयादीत ते होतं, प्रकरणात नव्हतं. मॅडमनी पहिल्याच मसुद्यावर समासात त्याचं नाव पेन्सिलीने लिहिलं होतं. मी ते चक्क खोडलं होतं.

नवं तिसरं प्रकरण आता खोळीपासून सुरू होतं: वांग्याची साल, आतडं, मग पातेलं. त्रिकोण तिसऱ्या पानावर एकदा येतो. आणि ते ॲल्युमिनियमचं पातेलं अजून गोठ्यातच आहे. माय त्यात शेळीला पाणी ठेवते.