सोसणे आणि पाहणे

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. तेव्हा दिवाळी अंकात दुःखाचा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. त्यातही मी ज्या पुस्तकाविषयी लिहिणार आहे ते वाचताना हसूच अधिक येते. पुस्तक सर्वांच्या परिचयाचे आहे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत ती बाहेर पडली. शेवटचा भाग निघाला तेव्हा बाई हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

या पुस्तकाची स्तुती करताना आपले टीकाकार बहुधा दोन शब्दांवर थांबतात : ‘साधेपणा’ आणि ‘विनोद’. दोन्ही शब्द खरे आहेत, पण ते पुरेसे नाहीत. साधेपणा तर आमच्या शेलूबाजारच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या प्रत्येक बाईच्या बोलण्यात असतो. त्या सगळ्यांची ‘स्मृतिचित्रे’ होत नाहीत. आणि नुसत्या विनोदाने एवढे दुःख पेलले असते, असे मला वाटत नाही. या बाईने स्वतःकडे पाहण्याची एक रीत कमावली होती. तिचा विचार आपण केला पाहिजे, कारण हल्ली ‘मन खंबीर कसे करावे’ हे सांगणाऱ्या पुस्तकांचा सुकाळ झाला आहे. एस. टी. स्टँडवरच्या दुकानात ती ओळीने मांडलेली असतात. त्यांत उपदेश पुष्कळ असतो. माणूस मात्र शोधावा लागतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. त्या वेडापायी बायकामुलांचे हाल झाले. आता हा प्रसंग दुसऱ्या एखाद्या लेखकाच्या हाती पडता तर त्याने वडिलांना राक्षस तरी केले असते, नाहीतर हुतात्म्याच्या छायेत वाढलेला अभागी पुरुष म्हणून त्यांच्यासाठी अश्रू ढाळले असते. बाई दोन्ही करीत नाहीत. त्या वडिलांचे वागणे आपल्यापुढे मांडतात, त्याचे कारण सांगतात आणि पुढे जातात. आपण हसतो, आणि हसता हसता त्या घरातल्या आईचे काय होत असेल, हे आपल्या ध्यानात येते. ते ध्यानात आणून देण्यासाठी बाईंना आवाज चढवावा लागत नाही.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक : कवी, विद्वान, दिलदार, शीघ्रकोपी, आणि घरात चार पैसे टिकू न देणारा. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. बिऱ्हाडे मांडली आणि मोडली. यांतले एक बिऱ्हाड आमच्या विदर्भातले, नागपूरचे होते, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक गोरा मिशनरी भेटला आणि त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले. मुलगा दत्तू त्या वेळी चार वर्षांचा.

पुस्तकाचा गाभा येथून पुढे आहे. नवरा जिवंत आहे, त्याचे प्रेमही आहे. पण त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्याच्या घरचे पाणी चालत नाही. बाई आप्तांकडे राहतात, रडतात, आजारी पडतात. हे सारे त्यांनी लिहिले आहे. ‘मी धीराने तोंड दिले’ असला खोटा आव कोठेही आणलेला नाही. आणि तरीही त्या पानांवर कीव मागणारी ओळ सापडत नाही. असे कसे झाले? माझे उत्तर असे आहे की या पुस्तकात दोन लक्ष्मीबाई आहेत. एक सत्तावीस वर्षांची, जिचे जग कोसळले आहे. आणि दुसरी पासष्टीच्या घरातली, जी तिच्याकडे पाहत बसली आहे. थोरली धाकटीला ‘वेडी होतीस’ म्हणून रागावत नाही, की ‘बिचारी’ म्हणून कुरवाळीत नाही. ती तिचे ऐकून घेते. आपण आपल्या गतायुष्याकडे पाहतो तेव्हा या दोहोंपैकी एक हटकून करतो. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून सांगतो, पात्राला न रागावता आणि न कुरवाळता उभे करणे कठीण असते. येथे तर पात्र स्वतः लेखिकाच आहे!

तुलनेसाठी रमाबाई रानड्यांच्या आठवणी घ्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० चे, म्हणजे बरेच आधीचे. रमाबाईंनाही घरात कमी सोसावे लागले नाही. लिहावाचायला शिकतात म्हणून घरच्या बायकांची बोलणी त्यांनी खाल्ली. पण रमाबाई स्वतःकडे पाहतात त्या न्यायमूर्तींच्या डोळ्यांनी. ‘त्यांना’ काय वाटले, ‘त्यांच्या’ मनात आपण उतरलो की नाही, हा त्यांच्या आत्मपरीक्षणाचा तराजू आहे. त्यात भक्ती आहे आणि ती खरी आहे. लक्ष्मीबाईंचेही टिळकांवर कमी प्रेम नव्हते. परंतु तराजू त्यांनी आपल्या हातात ठेवला. टिळकांच्या फजितीला त्या हसतात आणि तेवढ्याच मोकळेपणाने स्वतःच्या फजितीलाही हसतात.

त्यांच्या धर्मांतराची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. कोणी कोणता धर्म घ्यावा, या वादात मी पडत नाही. मला लक्षात येतो तो वेळ. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, बाई १९०० मध्ये. मधली पाच वर्षे हे मन कोणाच्याही घाईने हललेले नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरसुद्धा त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. मग विचार करता करता त्यांनाच पटले की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. आणि एकदा पटले तेव्हा मागे पाहिले नाही. ज्या घरात वडिलांच्या सोवळ्याने लहानपण होरपळले, त्या घरातल्या मुलीने सोवळे सोडायला इतका काळ घ्यावा, ही गोष्ट मला एखाद्या मोठ्या कादंबरीतल्याइतकी खरी वाटते. मन बदलते ते असे. स्टँडवरच्या पुस्तकांत ते एकवीस दिवसांत बदलते म्हणे.

एक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. आमच्या दहावीच्या वर्गात मी या पुस्तकातला काही भाग वाचून दाखवला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, या बाईला राग कसा येत नाही?” प्रश्न चांगला होता. नवरा न सांगता निघून जातो, घरातले होते नव्हते देऊन टाकतो, आणि ही हसते! हे हसणे म्हणजे सोशिक बायकोचा जुनाच पदर तर नव्हे? मला वाटते, काही ठिकाणी तसे आहे. टिळकांच्या संतापाचे प्रसंग बाई जरा लवकर मिटवतात. तेथे त्यांच्या मनात काय झाले ते कळत नाही, आणि तेवढा भाग मला उणा वाटतो. पण एरवी राग गेलेला नाही. तो विशेषणांत नाही, तपशिलात आहे. घरात काय होते, काय गेले, मूल कोणत्या वयाचे होते, हे त्या चोख सांगतात. हिशेब मांडणाऱ्या बाईला राग आला नव्हता, असे कोण म्हणेल?

हा प्रश्न आमच्याकडे केवळ वाङ्मयीन राहत नाही. वाशीम हा सोयाबीन-तुरीचा आणि कपाशीचा जिल्हा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत वाशीमचे नाव होते. माझ्या वर्गात बापावाचून वाढणारी मुले असतात. अशा गावात ‘मन खंबीर ठेवा’ असे व्याख्यान द्यायला कोणी आला की माझ्या अंगावर काटा येतो. भाव पडला आहे, पाऊस गेला आहे, आणि कमी काय आहे, तर म्हणे तुमचे मनोधैर्य! गावातल्या एका विधवेला कोणीसे असेच सांगत होते. ती म्हणाली, “धीर तं हायेच जी. सोयाबीन काढाले मानसं पाठवा.”

लक्ष्मीबाई हेच सांगतात, फक्त चारशेहून अधिक पाने घेऊन. त्या एकट्याने टिकल्या नाहीत. नवरा गेल्यावर बहिणीचे घर उघडे राहिले, आप्तांनी सांभाळले, कोणी बोलले तर कोणी जेवू घातले. पुस्तक माणसांनी गजबजलेले आहे, आणि ज्यांनी हात दिला त्यांची आठवण त्या विसरत नाहीत. बाईंची उभारी वाखाणताना या माणसांना आपण वगळतो आणि मग ती उभारी एक चमत्कार होऊन बसते. चमत्काराचे अनुकरण करता येत नाही. शेजारणीला जेवायला बोलावणे मात्र कोणालाही जमते.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य बाईंनी पुढे हाती घेतले. ज्या बाईला अक्षरओळखही नवऱ्याने करून दिली, तिने नवऱ्याचे महाकाव्य पुढे न्यावे, यावर खरे तर स्वतंत्र लेख व्हायला हवा. तूर्त एवढेच सुचवतो की सुट्टीत घरी ‘स्मृतिचित्रे’ आणायची असतील तर पूर्ण प्रत आणावी. संक्षिप्त आवृत्त्याही निघालेल्या आहेत, पण संक्षेप म्हटला की चूल, भांडी आणि पाहुणेरावळे यांच्यावर आधी कात्री चालते. आणि एकट्याने न वाचता ती घरात मोठ्याने वाचावीत. आमच्याकडे तसे वाचन झाले तेव्हा नव्वदीकडे आलेल्या एका शेजारच्या आजींनी वडिलांच्या सोवळ्याचा भाग दोनदा वाचून घेतला, आणि आपल्या सासऱ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली.