‘पूर्ववत’ या शब्दाची चिकित्सा

डोंगरावर रस्ता, रेल्वे, धरण झाले की उघड्या पडलेल्या मातीवर पुन्हा गवत कसे आणावे, याचे एक शास्त्रच आता उभे राहिले आहे. या विषयावर विपुल लेखन होते आहे. ते तांत्रिक म्हणून बाजूला सारणे आपल्याला परवडणारे नाही. जमिनीविषयीची भाषा ही अखेर माणसाविषयीचीच भाषा असते.

तिबेटच्या पठारावरील रेल्वेचे उदाहरण घेऊ. गोलमुद ते ल्हासा हा ११४२ किलोमीटरचा मार्ग २००१ ते २००६ या काळात बांधला गेला. त्यातला सुमारे ९६० किलोमीटरचा भाग ४००० मीटरहून उंच आहे. तांगुला खिंडीत तो ५०७२ मीटरवर जातो. भरावाच्या मातीसाठी, यंत्रांच्या वाटांसाठी कुरण खरवडले गेले. काही ठिकाणी गवताचा थर मुळा-मातीसकट कापून, पाणी घालून जगवून, काम संपल्यावर परत बसवला गेला. इतरत्र बी पेरले गेले. हे श्रम खरे आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु यश मोजले कशाने? बहुधा हिरव्या आच्छादनाच्या टक्केवारीने. इथेच समीक्षेला प्रारंभ होतो. पेरलेले एलिमस जातीचे उंच गवत दोन-तीन वर्षांत जमीन झाकते, पुढे विरळ होते. उंचावरच्या कुरणाचा खरा आधार असते ती कोब्रेसिया, नागरमोथ्याच्या कुळातली बुटकी वनस्पती. तिच्या मुळांची घट्ट वीण मातीला धरून ठेवते, आणि ती वीण पुन्हा जमायला दशके लागतात. शिवाय उंचीगणिक प्रश्न बदलतो. गोलमुदच्या बाजूला खाली पाण्याचा दुष्काळ. वर थंडी, गोठलेली माती आणि जेमतेम काही महिन्यांचा वाढीचा हंगाम. एकच बी, एकच मुदत सगळ्या उंचींना लावणे म्हणजे विषमतेला समान नियम लावणे होय. त्या समानतेचा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता या लेखनाचे व्याकरण पाहा. यंत्राने खरवडलेली जमीन ‘बाधित’ असते. तिला कोणी बाधित केले, हे वाक्यात येत नाही. याक-मेंढ्या चारणारा मात्र ‘अतिचराई’ या शब्दात कर्ता म्हणून हजर असतो. चिनी शासनाने २००३ पासून चराई थांबवून कुरण वाचवण्याचे धोरण राबवले. कुंपणे आली, हजारो पशुपालक वस्त्यांत हलवले गेले. काही कुरणे खरोखरच खालावली होती. पण जबाबदारीची वाटणी कोणी केली? तोडणारा निनावी आणि चारणारा आरोपी!

ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह झाले. गायरानावर चार दाणे पिकवणारा दलित ‘अतिक्रमक’ ठरतो आणि त्याच गायरानावर प्रकल्प आला की तो ‘विकास’ ठरतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला. हा अपवाद किती अधिकाऱ्यांच्या स्मरणात राहतो?

‘पूर्ववत’ हा शब्द आपण सावधपणेच वापरला पाहिजे. ज्यांचा भूतकाळ गावकुसाबाहेर गेला, त्यांना कोणतीही पूर्वस्थिती पवित्र नाही. जुन्या तिबेटातही मठांच्या आणि सरदारांच्या जमिनीला बांधलेली माणसे होती. ते परत आणायचे नाही. गवताला त्याची मुळे परत मिळावीत, माणसाला मात्र जुने दास्य नव्हे, नवा हक्क मिळावा. हा भेद न करणारे पर्यावरणवादी लेखन एक तर भाबडे असते किंवा सोयीचे.

म्हणून या शास्त्राकडे आपली मागणी साधी आहे. कोणी खणले, हे लिहा. कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती परतली आणि किती वर्षे टिकली, हे लिहा. आणि त्या कुरणावर जगणारा माणूस परतला की नाही, हेही त्याच तक्त्यात लिहा. तो रकाना रिकामा असेल, तर हिरवळ कितीही दाट दिसो, जमीन पूर्ववत झाली असे आपण मानणार नाही.