‘एमिनंट’ : एका विशेषणाचा अर्थविचार

इंग्रजीतील ‘एमिनंट’ हे विशेषण आपण ‘श्रेष्ठ’, ‘थोर’, ‘प्रख्यात’ अशा शब्दांनी मराठीत आणतो. व्यक्तीविषयी लिहिताना हे पर्याय खपून जातात. परंतु ‘एमिनंट डोमेन’ या कायद्यातील संज्ञेत त्याचा अर्थ ‘सर्वश्रेष्ठ’ असा घेतल्यास मूळ कल्पनेलाच बाध येतो, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

लॅटिन ‘एमिनेरे’ म्हणजे वर निघणे, पुढे डोकावणे. शरीरशास्त्रात हाडावरील उंचवट्यास ‘एमिनन्स’ म्हणतात, तो या मूर्त अर्थाने. इ. स. १६३० मध्ये कार्डिनलांना हीच उपाधी मिळाली, ती लाक्षणिक अर्थाने. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच : उंचवटा म्हटला की सभोवारची सपाटी आलीच.

ह्यूगो ग्रोशियस याने १६२५ च्या आपल्या ग्रंथात ‘डोमिनियम एमिनेन्स’ ही कल्पना मांडली, ती याच गृहीतावर. प्रजाजनाच्या मालमत्तेवर राज्यसंस्थेचा वरचा हक्क असतो. लोकहितार्थ तो बजावता येतो, मात्र नुकसान भरून देण्याचे बंधन राज्यावर राहते. म्हणजे खालचे स्वामित्व मान्य केल्यावाचून वरच्या स्वामित्वास अर्थच उरत नाही. ‘सर्वश्रेष्ठ’ या शब्दात ही खालची पातळी लुप्त होते. तेथे उरतो तो धाक. आणि तोही या शब्दकुळास परका नाही. लॅटिन ‘मिनाए’ म्हणजे तटाची पुढे आलेली टोके, तशाच धमक्याही.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. नवीन पनवेलमधील खांदा कॉलनी ज्या नव्या मुंबईचा भाग आहे, तिच्यासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याच्या कक्षेत आल्या. नियोजन १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे होते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरातील पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे भूधारकांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. खालच्या स्वामित्वाची ही उशिरा मिळालेली पोच होय. १८९४ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१३ च्या कायद्याने तर ‘उचित भरपाईचा हक्क’ शीर्षकातच नोंदविला.

सबब या संज्ञेसाठी ‘उपरिस्वामित्व’ हा शब्द योजावा, असे सुचवावेसे वाटते. ‘उपरि’ म्हणताच ‘कशाच्या?’ हा प्रश्न उभा राहतो. आणि तो प्रश्न जिवंत ठेवणे हेच या संज्ञेचे खरे कार्य आहे.